पोर्ट्रेटमध्ये छाया-प्रकाश आधी कसा बसवावा? (तैलरंग, सावळा चेहरा, पांढरं लुगडं)

शेवाळी

नमस्कार मंडळी,

आत्याचं पोर्ट्रेट करायला घेतलंय. तैलरंग, १६ × २० इंचाचा कॅनव्हास. आत्या ऐंशीच्या घरातली, रंगाने सावळी, अंगावर पांढरं सुती लुगडं आणि डोक्यावरून पदर. सकाळी चहा झाला की उत्तरेकडच्या खिडकीशी तासभर बसते (बसते म्हणजे बोलत बसते). उजेड तिच्या डाव्या अंगाने येतो, त्यामुळे मला समोरून चेहऱ्याची उजवी बाजू उजळ आणि डावी सावलीत दिसते.

कोळशाने रेखाटन झालंय, प्रमाणं ठीक आहेत. आता रंगांना हात घालण्याआधी टोन (कुठे किती गडद, किती उजळ) बसवून घ्यायचेत, म्हणजे ब्लॉक-इन. सावलीचा भाग सरसकट एकाच टोनने भरायचा की आतले फरक लगेच दाखवायचे? पदराचा सावलीतला भाग किती गडद धरायचा? तो पांढरा आहे हे डोक्यातून जातच नाही. आणि यूट्यूबवरचे सगळे नमुने गोऱ्यापान चेहऱ्यांचे. सावळ्या चेहऱ्याला तीच गणितं लागू पडतात का?

जाणकारांनी प्रकाश टाकावा. सावली टाकली तरी चालेल.

बर्न्टअंबर

सरसकट भर. पहिल्या बैठकीत चेहऱ्यावर दोनच मुलूख असतात, उजेडाचा आणि सावलीचा. कुठला कण कुठल्या मुलखात हे आधी ठरव, बाकीचं सगळं नंतर.

पद्धत सांगतो. बर्न्ट अंबर (गडद तपकिरी रंग) टर्पेंटाइनमध्ये पातळ करून सगळ्या कॅनव्हासवर फिरव आणि सुती चिंधीने पुसून घे. पांढराशुभ्र कॅनव्हास मधल्या टोनवर आला पाहिजे, नाहीतर त्या पांढऱ्यापुढे कुठलाही रंग गडदच वाटतो. मग मोठा हॉग हेअरचा फ्लॅट ब्रश घे, दहा किंवा बारा नंबरचा. छोटा ब्रश कपाटात ठेव आणि किल्ली आत्याकडे दे.

आता डोळे किलकिले करून आत्याकडे बघ. पापण्या इतक्या मिटायच्या की बुबुळ, सुरकुत्या, कपाळावरचं गोंदण काही काही दिसू नये, फक्त गडद आणि उजळ असे डाग उरावेत. सावलीची हद्द कानशिलापासून निघेल, भुवईच्या हाडावरून डोळ्याच्या खोबणीत उतरेल, गालाच्या हाडाला वळसा घालून ओठाच्या कोपऱ्याशी येईल आणि हनुवटीवरून गळ्यात जाईल. नाकाची पडछाया गालाच्या सावलीला जाऊन मिळते का ते नीट बघ. मिळत असेल तर सावलीतल्या गालावर, डोळ्याखाली, उजेडाचा एक त्रिकोण सुटा उरेल. फोटोग्राफर मंडळी ज्याला (डच चित्रकार रेम्ब्रांच्या नावावरून) रेम्ब्रां लायटिंग म्हणतात तो हाच. तो त्रिकोण नेमका बसला की अर्धा चेहरा जागेवर आला.

सावलीचे तुकडे पाडू नकोस. डोळ्याची खोबण, नाकाची बाजू, गाल, जबड्याखालचा भाग, गळा, पदराची आतली बाजू, हे सगळं एकमेकांत मिसळून एकच मोठा आकार होऊ दे. वरचा ओठही विसरू नकोस. त्याचा उतार खाली असतो, म्हणून उजेडाच्या बाजूलाही तो खालच्या ओठापेक्षा गडद असतो. बहुतेक जण दोन्ही ओठ एकाच टोनमध्ये रंगवतात आणि मग लिपस्टिक लावल्यासारखं का दिसतं म्हणून विचारतात.

रेघोट्या

काका, थोडा विरोध नोंदवतो. हे ‘आधी डाग, मग चेहरा’ प्रकरण यूट्यूबमुळे फार बोकाळलंय. ज्याचं ड्रॉइंग कच्चं तो डागांमागे लपतो. मी रेषेने पूर्ण चेहरा बांधतो, डोळे आधी घेतो, कारण डोळे बसले की माणूस बसतो. साम्य येतं ते तिथून.

बर्न्टअंबर

यूट्यूबच्या आधी काही शतकं युरोपात एकरंगी अंडरपेंटिंग करून त्यावर रंग चढवायची रीत होती. आपल्याकडे १८५७ साली सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झालं, तिथेही प्लास्टरच्या पुतळ्यांवरून छाया-प्रकाश घोटून घ्यायचे. पुतळ्याला कातडीचा रंग नसतो, बुबुळ नसतं, म्हणून विद्यार्थ्याला टोनशिवाय दुसरं काही बघायला उरत नाही. हे फॅड नव्हे.

साम्याचं म्हणशील तर रस्त्याच्या पलीकडून चालत येणारा मित्र तू डोळे बघून ओळखतोस का? डोळे तर त्या अंतरावरून दिसतही नाहीत. कपाळाखालच्या दोन काळोख्या खोबणी, नाकाची सावली, जबड्याचा आकार, यावरून ओळखतोस.

रेघोट्या

चालीवरून ओळखतो.

बर्न्टअंबर

😄 बरं. पण कच्च्या ड्रॉइंगबद्दलचं तुझं म्हणणं मान्य. सावलीची हद्द हेही ड्रॉइंगच आहे, ती चुकली तर टोन कितीही बरोबर असो, आत्याऐवजी आत्याची जाऊ होईल.

पाणरंग

धागा वाचनखूण म्हणून साठवला.

जलरंगवाल्यांची बाजू मांडतो. आमच्याकडे हे सगळं उलटं चालतं. कागदाचा पांढरा हाच आमचा सगळ्यात उजळ टोन, तो एकदा गेला की गेला. त्यामुळे आम्ही सावलीपासून नव्हे, उजेड राखण्यापासून सुरू करतो. सर्वांत उजळ जागा कोरी सोडायची, बाकी सगळ्यावर एक हलका वॉश (पाणीदार रंगाचा थर), तो सुकला की सावलीचा सगळा मुलूख दुसऱ्या वॉशने एकजीव भरायचा. विचार तोच, दोन मुलूख वेगळे ठेवायचे, फक्त वाट उलट्या बाजूने.

सावळाराम हळदणकरांचं हातात समई घेतलेल्या स्त्रीचं चित्र सगळ्यांनी कॅलेंडरवर बघितलंच असेल. म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये मूळ चित्र आहे. कित्येक जण ते रविवर्म्याचं समजतात आणि तैलरंगातलं समजतात. दोन्ही चूक. ते जलरंगातलं आहे आणि समोर त्यांची मुलगी उभी होती. उजेड खालून येतोय, ज्योत हाताने अर्धी झाकलेली, बोटांच्या फटीतून लाल प्रकाश. खालून उजेड आला की चेहऱ्याची सगळी नेहमीची गणितं पालथी होतात. हनुवटीखालचा भाग, नाकपुड्यांची खालची बाजू, वरच्या पापणीची खोबण, जिथे एरवी आपण डोळे मिटून सावली भरतो, तिथे उजेड येतो. पाठ केलेल्या सावल्या मारणाऱ्याचं तिथे काम नाही.

कॅनव्हासकर

शेवाळीताई, फोटो डकवा की! फोटोशिवाय चर्चा म्हणजे…

शेवाळी

आत्याची परवानगी नाही. “जगभर माझी तोंडं फिरवू नकोस” असं ठणकावून सांगितलंय.

काका, काल सांगितलंत तसं अंबरने सावली भरली. चेहरा लगेच पुढे आला! पण पदराचं अडलंच. सावलीतला पदर चेहऱ्याच्या सावलीइतका गडद केला तर मळका दिसतो, आणि उजळ ठेवला तर चेहऱ्याच्या बाजूला ट्यूबलाइट लावल्यासारखा.

टोनटोन

याचं उत्तर आकड्यांत देता येईल. गडद-उजळ मोजायच्या मन्सेलच्या पट्टीवर ० म्हणजे निखळ काळा आणि १० म्हणजे निखळ पांढरा. तुमच्या आत्यांसारखा सावळा चेहरा उजेडात साधारण ५ च्या आसपास असेल, सावलीत ३ किंवा त्याहून थोडा कमी. पांढरं सुती कापड उजेडात ९, सावलीत ५-६. म्हणजे सावलीतला पांढरा पदर आणि उजेडातला सावळा गाल जवळजवळ एकाच टोनचे निघतात. डोळे हे मानायला तयार होत नाहीत, कारण मेंदू आधीच ‘पदर पांढरा, गाल सावळा’ असा निकाल देऊन मोकळा झालेला असतो.

खात्री करायची तर जाड करड्या कार्डाला पंचिंग मशीनने दोन भोकं पाडा, एकमेकांपासून बोटभर अंतरावर. कार्ड हात लांब करून धरा, एक डोळा मिटा आणि एका भोकातून उजळ गाल, दुसऱ्यातून सावलीतला पदर येईल असं जुळवा. भोवतीचं सगळं झाकलं गेलं की नुसते दोन ठिपके दिसतात. मग कळतं. एक ठिपका तांबूस, दुसरा निळसर राखाडी, पण गडदपणात फरक शोधावा लागतो.

गोऱ्या चेहऱ्याचे नमुने इथेच फसवतात. तिथे उजेडातली कातडी ७-८ असते, ती पांढऱ्या कपड्याच्या जवळ जाते, आणि केस वेगळे पडतात. आपल्याकडे चेहरा बऱ्याचदा केसांच्या बाजूला झुकतो आणि कपडा वेगळा पडतो. गट बदलतात, म्हणून ब्लॉक-इनचा आकारही बदलतो.

बर्न्टअंबर

+१. यात आणखी एक भर. सावळ्या कातडीवरचा चकाकणारा ठिपका, म्हणजे कपाळावरचा, नाकाच्या शेंड्यावरचा, हा आजूबाजूच्या टोनपेक्षा खूप वर उडी मारतो. गोऱ्या कातडीवर तोच ठिपका फार वेगळा दिसत नाही, कारण सभोवार आधीच उजळ असतं. म्हणून सावळा चेहरा रंगवताना उजेडाचा मुलूख पांढरा घालून उजळवत नेऊ नकोस. तो ५ वरच राहू दे आणि हायलाइटसाठी वरची जागा मोकळी सोड. उजेडाच्या बाजूला पांढरा कोंबला की चेहरा पिठूळ होतो आणि हायलाइट द्यायला काही शिल्लक राहत नाही.

कॅनव्हासकर

आकडेबिकडे ठीक आहे, पण मोबाइलमध्ये फोटो काढून ब्लॅक अँड व्हाइट केला की झालं ना? सगळे टोन समोर.

टोनटोन

मोबाइल खोटं बोलतो. हल्लीचे फोन दोन-चार एक्स्पोजर एकत्र करून सावल्या आपणहून उजळतात आणि उजेड खाली ओढतात. खोलीत डोळ्यांना सावली काळोखी दिसते, फोनमध्ये कानामागचा केसन् केस दिसतो. त्यावरून ब्लॉक-इन केलंत तर दोन्ही मुलूख मधे येऊन एकमेकांना मिठी मारतात. उलट साध्या कॅमेऱ्याने उजेडावर मोजून फोटो काढला तर सावली ठार काळी येते आणि ती तशी रंगवली की चेहऱ्याला भोक पडल्यासारखं दिसतं. फोनचा उपयोग एकाच कामाला: तुमच्या *चित्राचा* काळा-पांढरा फोटो काढा आणि लहान करून बघा. रंगांच्या गडबडीत हरवलेले टोन तिथे पकडता येतात.

इंटरमिजिएट_नापास

हे सगळं वाचून शाळेतल्या ग्रेड परीक्षा आठवल्या. आमच्याकडे शेडिंग म्हणजे पेन्सिल घासायची आणि मग कापसाने, नाहीतर बोटाने घोटायची, गुळगुळीत होईपर्यंत. घोटलं की सर खूश. उजेड कुठून येतोय हे कोणी विचारलंच नाही, मडक्याला दोन्ही बाजूंनी सावली असायची.

रेघोट्या

घोटण्याबद्दल मात्र काकांच्या बाजूने आहे मी. हद्दी आधी स्पष्ट असाव्यात. सगळ्या कडा सुरुवातीलाच मऊ केल्या की चेहरा साबणाचा होतो.

पाणरंग

कडांचं बरोबर, पण सगळ्या कडा सारख्या नसतात. पडछायेची कड, म्हणजे नाकाची गालावर पडलेली, ती नाकाजवळ धारदार आणि लांब जाईल तशी मऊ. गालाची सावली मात्र गोल वळणावर हळूहळू होते, तिथे मधला टोन रुंद असतो. ब्लॉक-इनमध्ये दोन्ही कडक ठेवा, पण कुठली पुढे मऊ करायची आहे हे तेव्हाच ठरलेलं असावं.

शेवाळी

सगळ्यांना धन्यवाद! दोन भोकांचं कार्ड भन्नाट आहे, आत्यानेही घेऊन माझ्याकडे बघितलं. पदर आता बसला.

नवी अडचण. सावलीतल्या गालावर, जबड्याच्या कडेला, पदरातून परत आलेला उजेड दिसतो. छान दिसतो हो! तो घातला तर चेहरा गोल वाटतो, पण दोन पावलं मागे गेलं की सावली फाटल्यासारखी दिसते.

बर्न्टअंबर

कारण तू तो जास्त उजळ केलास. परावर्तित उजेड हा सावलीचा नागरिक आहे. कितीही नटला तरी उजेडाच्या मुलखातल्या सगळ्यात गडद टोनपेक्षा वर जाता कामा नये. तुझ्या चित्रात उजेडातला मधला टोन ४ असेल आणि सावली ३, तर परावर्तित उजेडाला खेळायला ३ आणि ४ च्या मधली चिंचोळी पट्टी मिळते. तेवढ्यातच भागव. टोनने नाही जमलं तर रंगाने कर, जरा उबदार घे, टोन तोच ठेव.

तो इतका मोहात का पाडतो ते सांगतो. सावली आणि उजेड यांच्या सीमेवर, सावलीच्या आत, सगळ्यात गडद पट्टा असतो. तिथे खिडकीचाही उजेड पोचत नाही आणि पदराचाही. त्या पट्ट्याशेजारी परावर्तित उजेड आपल्याला आहे त्याहून चकचकीत वाटतो. आणि तू जर नुसत्या जबड्याच्या कडेकडे टक लावून बघत असशील तर बाहुल्या मोठ्या होतात आणि सावली आणखी उजळ दिसते. सावलीत रोखून बघायचं नाही. नजर उजळ कपाळावर ठेवून सावली डोळ्याच्या कोपऱ्यातून जोखायची.

पणजीला गेलीस तर फोंताइन्याश भागातल्या फुंदासांव ओरिएंत या पोर्तुगीज संस्थेत त्रिंदादची चित्रं बघ. आंतोनियो झेवियर त्रिंदाद, १८७० ते १९३५, मूळचा गोव्याचा, जेजेत शिकला आणि तिथेच शिकवलं. त्याला ‘पूर्वेचा रेम्ब्रां’ म्हणायचे. सावळ्या चेहऱ्यांचा अभ्यास करायचा तर परदेशी व्हिडिओंपेक्षा तिथे जाणं बरं, आणि पुस्तकातल्या छापील चित्रावर विसंबू नकोस. छपाईत सावल्यांचं पार डांबर होतं.

सिंगापूरची_सुगरण

अवांतर: इथे विषुववृत्ताजवळ उत्तरेची खिडकी म्हणजे काही खास नाही, अर्धं वर्ष ऊन आतच. तुमच्याकडे बरं असतं.

टोनटोन

फार बरं नसतं. अख्खा महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे. मार्चअखेर ते सप्टेंबर सूर्य पूर्वेच्या उत्तरेला उगवतो, आणि मे-जूनच्या सुमारास तर भरदुपारीही तो डोक्यावरून किंचित उत्तरेला सरकतो. त्यामुळे ‘नॉर्थ लाइट स्थिर असतो’ हे युरोपातल्या पुस्तकातलं वाक्य इथे उन्हाळ्यात सकाळी सकाळीच खोटं ठरतं. शेवाळीताई, तिरीप आत येत असेल तर खिडकीला पांढरा ट्रेसिंग पेपर चिकटवा, किंवा बैठक थोडी उशिरा घ्या. आणि पहिल्याच बैठकीत सावलीचा आकार ठरला की तो बदलायचा नाही. उजेड सरकला म्हणून सावली मागोमाग सरकवत गेलं की चित्रात सकाळचे आठ आणि दहा एकाच चेहऱ्यावर नांदतात.

शेवाळी

अंबरचा थर वाळायला किती थांबू? त्यावर आता रंग घ्यायचाय.

बर्न्टअंबर

पातळ अंबर लवकर वाळतो, त्यातलं मँगनीज वाळायला मदत करतं. हाताला चिकट लागेनासा झाला की चाल. पावसाळ्यात दमट हवेत जरा धीर धर. ब्लॉक-इनमध्ये जवस तेल घातलं नाहीस ना? खालचे थर टर्पेंटाइनवर, तेल वरच्या थरांत वाढवत न्यायचं. उलट केलंस तर वरचा थर आधी आवळतो आणि पुढे तडा जातो. आयव्हरी ब्लॅक खाली वापरू नकोस, फार सावकाश वाळतो. वर रंग घेताना प्रत्येक मिश्रण पॅलेट नाइफवर घेऊन खालच्या अंबरशेजारी धरून बघ. टोन जुळला तरच लाव, रंग कितीही आवडला तरी.

रेघोट्या

आणि डोळे?

बर्न्टअंबर

आले डोळे! घे आता. पण डोळ्याचा पांढरा भाग पांढरा नसतो. वरच्या पापणीची सावली त्याच्यावर असते, आणि सावलीच्या बाजूचा डोळा तर गालाच्या सावलीपेक्षा जेमतेम उजळ.

शेवाळी

शेवटचा प्रश्न, तांत्रिक आणि कौटुंबिक दोन्ही. रंग चढवले, टोन जुळतायत, साम्य आलंय. आत्याने काल पाहिलं आणि म्हणाली, “मी एवढी काळी आहे का गं?” आता चेहरा उजळ केला तर काकांनी सांगितलेली सगळी मांडणी मोडते. न केला तर आत्या बसायला यायची नाही.

पाणरंग

हा प्रश्न पोर्ट्रेटवाल्यांच्या पाचवीला पुजलेला आहे.

बर्न्टअंबर

चेहऱ्याला हात लावू नकोस. तुझी पार्श्वभूमी काय आहे? खिडकीच्या बाजूची भिंत उजळ असणार, आणि शेजारी पांढरा पदर. दोन्हींच्या मधे चेहरा आहे त्याहून गडद वाटतो. उजेडातल्या गालामागची भिंत खाली आण, ३ च्या आसपास, अंबर आणि थोडा अल्ट्रामरीन निळा. सावलीतल्या गालामागे मात्र भिंत किंचित वर राहू दे, म्हणजे डोक्याचा तो काठ हरवणार नाही. उजेडातला पदरही ९ वर ठेवू नकोस, ८ वर आण आणि चेहऱ्यापासून दूरच्या घड्या आणखी खाली घे. एवढं करून पुन्हा काळा-पांढरा फोटो काढून बघ. गालाचा टोन तोच असेल.

शेवाळी

करून बघते. भिंत खरी पिस्ता रंगाची आहे.

रेघोट्या

पिस्ता?? भिंतीचा फोटो तरी डकवा, त्याला आत्याची परवानगी लागत नाही.